छावणीतलं नाटक: गोऱ्या शिपायांना तोंडाला रंग का लावावासा वाटला?

माझी भाची मे महिन्यात शिमल्याला गेली होती. तिथून तिने गेइटी थिएटरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, गाइड म्हणतो इथे इंग्रजांच्या लष्करातले साहेब नाटकं करायचे. राज्य करायला आले होते की गॅदरिंग करायला?" प्रश्न गमतीचा होता, पण उत्तर द्यायला बसलो तर ते लांबतच गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहितो. सुरुवात मात्र शिमल्यापासून नाही, बॉस्टनपासून करतो.

नाटकात खरा सार्जंट घुसतो तेव्हा

८ जानेवारी १७७६. अमेरिकेतलं बॉस्टन शहर इंग्रज फौजेच्या ताब्यात आहे, पण शहराला बाहेरून बंडखोर अमेरिकनांनी वेढा घातलाय. आत अन्न महाग, सरपणाची टंचाई, थंडी कडाक्याची. आणि अशा रात्री शहराच्या फॅन्युइल हॉलमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी नाटकाचा प्रयोग लावलाय. मुख्य नाटक संपून फार्स सुरू होतो. फार्सचा विषय खुद्द बॉस्टनचा वेढा, आणि तो जनरल बर्गॉइनच्या नावावर मोडतो. हा बर्गॉइन लढाईइतकाच नाटकं लिहिण्याबद्दलही प्रसिद्ध होता. फार्समध्ये शत्रूचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन येतो तो विदूषकच: डोक्यावर अवाढव्य टोप, कमरेला लांबलचक गंजकी तलवार.

इतक्यात एक सार्जंट धावत आत येतो आणि ओरडतो, की शत्रूने हल्ला केलाय, बाहेर पडा! प्रेक्षक टाळ्या वाजवतात. काय बेमालूम काम करतो हा गडी! तो पुन्हा ओरडतो, पुन्हा टाळ्या. मग हळूहळू लोकांच्या लक्षात येतं की सार्जंट खरा आहे आणि हल्लाही खरा. पलीकडच्या चार्ल्सटाउनमध्ये अमेरिकन तुकडीने घरं पेटवून दिली होती. पुढे जी पळापळ झाली तिच्या वर्णनांत वाद्यवृंदावरून उड्या मारणारे अधिकारी आहेत, पायाखाली चिरडलेली व्हायोलिनं आहेत, बायकी घागऱ्यातच आपल्या तुकडीकडे पळालेले नट आहेत.

दोन महिन्यांनी, १७ मार्चला, इंग्रजांनी बॉस्टन सोडलं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

इंग्रजीत 'गॅरिसन' म्हणतात ते आपल्याला नवं नाही. किल्ला राखायला वर जी माणसं ठेवत त्यांना आपण 'शिबंदी' म्हणायचो. वसाहतीत इंग्रजांची अशी शिबंदी ठिकठिकाणी असे, आणि तिचा मुक्काम म्हणजे छावणी, आपल्याकडच्या भाषेत 'कॅम्प'. पुण्याचा कॅम्प, खडकी, देवळाली ही त्याच जातीची गावं.

दुसरा शब्द 'हौशी'. हा तर मराठी माणसाला शिकवायलाच नको. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी दिवसभर बँकेत किंवा शाळेत काम करून रात्री तालमीला येणारी मंडळी आठवा. पोटासाठी नाही, हौसेसाठी. छावणीतली नाटकं अशीच होती; फरक एवढाच की दिवसाचं काम कवायतीचं होतं आणि तालमीची परवानगी कर्नलकडून घ्यावी लागे. ही परवानगीची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येईल.

पण वेळ कुठून मिळायचा?

आपल्या डोक्यात सैनिक म्हणजे लढणारा माणूस. प्रत्यक्षात त्याच्या नोकरीतले लढाईचे दिवस बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळी वर्षं वाट पाहण्यात जायची. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायाचा उन्हाळ्यातला दिवस पाहा. पहाटे, ऊन चढायच्या आत कवायत. मग दिवसभर बराकीत कोंडून राहायचं, कारण उन्हात फिरायची मनाई. खाटेवर पडायचं, पत्ते कुटायचे, आणि कँटीन उघडलं की दारू. ती कँटीनमध्ये अधिकृतपणे आणि स्वस्तात मिळायची.

याचे परिणाम आकड्यांत सापडतात. १८५७ नंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या आपल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला. त्याचा अहवाल १८६३ साली आला. गोऱ्या शिपायांतलं मृत्यूचं प्रमाण त्यात वर्षाला हजारी ६९ निघालं, आणि यातले बहुतेक रोगाने मेलेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी या पुराव्यावर जे ताशेरे ओढले त्यांत घाण पाणी आणि कोंदट बराकी आहेतच, पण शिपायाला दिवसभर काही उद्योग नसतो आणि दारू मात्र हाताशी असते, हेही आहे.

कंटाळा किती भयंकर असू शकतो याचा एक पुरावा आपल्या नाशिक जिल्ह्याने थेट इंग्रजी भाषेला दिलाय. मुदत संपलेले शिपाई विलायतेला परतण्याआधी देवळालीच्या तळावर येऊन थांबत. फौजेची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायची. हंगाम हुकला की महिनोन्महिने देवळालीत बसा. काम नाही, शिस्त ढिली, घर डोळ्यांसमोर पण हाताला लागत नाही. काहींची डोकी फिरत. शिपाई त्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा 'ताप'. आजही इंग्लंडमध्ये एखादा चक्रम झाला की 'डूलॅली' म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना देवळालीचं स्टेशन ठाऊक असतं.

तर नाटक हे या तापावरचं औषध होतं. आपल्याकडे कामगारांसाठी नाट्यस्पर्धा होतात त्यामागचा एक विचार इथेही होता: संध्याकाळी माणूस तालमीत असला की गुत्त्यावर नसतो. एका प्रयोगामागे महिनाभर तालमी, पडदे रंगवणं, कपडे शिवणं, बाकं ठोकणं. चाळीस-पन्नास माणसांना काम लागायचं, आणि उरलेल्यांना बोलायला विषय.

प्रयोग उभा कसा राहायचा?

छावणीत नाटकाला लागणारं सगळं आयतं असायचं, हे पटकन लक्षात येत नाही. सुतार होते, शिंपी होते, रंगारी होते. पलटणीचा बँड म्हणजे घरचा वाद्यवृंद. पाठांतराची सवय असलेली, हुकूम दिला की हजर राहणारी माणसं होती. कुठल्याही हौशी दिग्दर्शकाला विचारा, तालमीला वेळेवर येणारे नट मिळणं म्हणजे काय भाग्य असतं! इमारत मात्र क्वचितच नाटकासाठी बांधलेली असे. एखादी वखार, सभागृह, रिकामी बराक, काहीही चाले.

न्यूयॉर्क इंग्रजांच्या ताब्यात होतं तेव्हा तिथलं जुनं नाटकगृह अधिकाऱ्यांनी 'थिएटर रॉयल' नावाने जानेवारी १७७७ मध्ये उघडलं. त्याचा कारभार पाहणाऱ्यांत ब्यूमाँट नावाचा लष्करी सर्जन पुढे होता. दिवसा पाय कापायचे आणि रात्री विनोदी काम करायचं! तिकिटं लावली जात, आणि उत्पन्न मेलेल्या शिपायांच्या विधवा-मुलांसाठी आहे असं जाहीर केलं जाई.

फिलाडेल्फियात कॅप्टन जॉन आंद्रे हा तरुण अधिकारी पडदे रंगवायचा. त्याच्या एका पडद्याचं वर्णन टिकून राहिलंय: मध्यभागी धबधबा, त्यावर झुकलेली मोठी झाडं, आणि एक ओढा वळणं घेत पार दूरवर गेलेला. १७७८ साली इंग्रज शहर सोडून गेले, पडदा तिथेच राहिला. १७८० साली अमेरिकनांनी आंद्रेला हेर म्हणून पकडून फाशी दिलं. आणि त्याच्या हातचा पडदा त्यानंतरही त्याच नाटकगृहात वर्षानुवर्षं वापरात होता, १८२१ साली इमारत जळाली तोपर्यंत. फाशी देणाऱ्यांची नाटकं फाशी गेलेल्याच्या पडद्यापुढे होत राहिली.

राहिला बायकांच्या कामांचा प्रश्न. कधी अधिकाऱ्यांच्या बायका उभ्या राहत, कधी शिपायांच्या. नाहीतर मिसरूड न फुटलेला एखादा पोरगा घागरा नेसायचा. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात काय नवल वाटणार? फक्त आपल्याकडे स्त्रीपार्टी हा कसलेला नट असे आणि त्याच्या नऊवारीची चाल घरंदाज बायका उचलत. छावणीतली 'बाई' बहुतेक वेळा हशा पिकवायला असे. दाढीची खुंटं आणि बुटांचा आवाज लपत नसे, लपवायचाही नसे.

नाटकं कुठली?

मुख्यतः विनोदी आणि फार्स. शेक्सपिअरही होई, आफ्रिकेच्या टोकाला केपटाउनमध्ये १८०१ साली नवं थिएटर उघडलं ते 'चौथा हेन्री'नेच. पण शिबंदीचं लाडकं नाटक बघायचं तर १७०६ सालचं जॉर्ज फार्करचं 'द रिक्रुटिंग ऑफिसर' घ्या. खेडवळ पोरांना गोड बोलून, दारू पाजून, थापा मारून फौजेत कसं भरती करतात, याची ती थट्टा आहे. फार्कर स्वतः भरती अधिकारी होता, त्यामुळे थापा अस्सल. त्याआधी तो नट होता. प्रयोगात खोट्या तलवारीऐवजी खरी हातात राहिली, सहकारी जखमी झाला आणि फार्करने नटाचं काम सोडलं. आता विचार करा, हे नाटक कोण करत होतं आणि कोण बघत होतं? ज्यांना तशाच थापांनी भरती केलं तेच, त्यांना भरती करणाऱ्यांच्या शेजारी बसून.

मग शिस्तीचं काय?

ही शंका तेव्हाही होती. आज रात्री शिपाई राजा झाला आणि सार्जंट त्याचा नोकर, तर उद्या सकाळी कवायतीत काय? माझा अनुभव सांगतो. आमच्या कचेरीच्या गॅदरिंगला मी एकदा मालक झालो होतो आणि आमचे साहेब माझे घरगडी. स्टेजवर मी त्यांना तीन वेळा 'गाढवा' म्हटलं, हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं उशिरा पोहोचलो तर टेबलावर मेमो. सांगायचं एवढंच की उलथापालथीला वेळ ठरवून दिलेली असते, आणि ती कुणी ठरवायची हे वरच्यालाच माहीत असतं. शिमगा वर्षातून एकदाच येतो.

शिवाय अधिकाऱ्यांची नाटकं आणि साध्या शिपायांची नाटकं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शिमल्याचं गेइटी १८८७ चं. तिथला पुढच्याच वर्षी निघालेला हौशी नाट्य क्लब हा वरच्या वर्तुळाचा मामला: अधिकारी, सनदी नोकर, त्यांच्या बायका. तिथे कोणाला कुठलं काम मिळालं यावरून कोणाची पत किती हे कळायचं. बराकीतल्या शिपायाला ते दार उघडं नव्हतं. भाचीच्या गाइडने 'साहेब' म्हटलं ते बरोबरच म्हटलं.

आणि शत्रुपक्षाला ही चैन कशी दिसत होती? फिलाडेल्फियात इंग्रज पडदे रंगवत होते त्याच हिवाळ्यात तीसेक किलोमीटरवर व्हॅली फोर्जला वॉशिंग्टनची फौज अर्धपोटी, अनवाणी दिवस काढत होती. गंमत म्हणजे थंडी सरल्यावर, मे १७७८ मध्ये, त्यांनीही तिथे नाटक केलं. वॉशिंग्टन नाटकवेडाच. पण त्याच ऑक्टोबरात अमेरिकन काँग्रेसने ठराव केला, की सरकारी पदावरचा जो कोणी नाटकात काम करील किंवा नुसता बघायला जाईल त्याला काढून टाकावं.

म्हणजे निरागस करमणूकच ना?

नाही. बॉस्टनकडे परत जाऊ. मॅसॅच्युसेट्समध्ये नाटक करायला १७५० पासून कायद्याने बंदी होती. तिथले धर्मनिष्ठ प्युरिटन लोक नाटकाला पाप समजत. फॅन्युइल हॉल तर त्यांच्या निषेध सभांचं ठिकाण. त्याच हॉलमध्ये त्यांच्याच सेनापतीची टर उडवणारं नाटक करणं म्हणजे काय हे आपल्याला फोड करून सांगावं लागू नये. गावच्या देवळासमोर मुद्दाम मांडलेला तो तमाशा होता. 'गाव आमचं आहे' हे सांगायची ती एक पद्धत.

हिंदुस्थानात हा भाग आणखी बोचरा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करायचे खेळ इंग्रज पलटणींत फार चालायचे. ज्या देशात आपण परके आहोत तिथे रोज रात्री परकेपणाची बाजू उलटी करून दाखवायची, यात करमणूक होती आणि एक प्रकारची उजळणीही. देशी शिपाई त्याच छावणीत, शेजारच्याच लाइनीत राहत होता. रंगमंचावर मात्र तो स्वतः नसून त्याचं सोंग असे. ही सवय मरायला वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धात देवळालीला तोफखान्याचं करमणूक पथक होतं. त्यातल्याच एका माणसाने पुढे बीबीसीसाठी त्या पथकावर विनोदी मालिका लिहिली, १९७४ ते १९८१ चालली ती. तिच्यातही हिंदी बेअररचं, म्हणजे साहेबांच्या नोकराचं, मुख्य काम गोऱ्या नटाने तपकिरी रंग लावून केलं.

मराठी रंगभूमी यांच्याकडून आली का?

हा प्रश्न विचारला की दोन्ही बाजूंनी आवाज चढतात, म्हणून सरळ सांगतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. त्यामागे होता कर्नाटकातल्या भागवत मेळ्याचा खेळ, तो पाहून सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांनी केलेली आज्ञा, आणि आपली कीर्तन-लळितांची जुनी पुंजी. यात कुठलाही गोरा लेफ्टनंट नाही.

पण मुंबईत एक धागा आहे. १७७६ साली, म्हणजे बॉस्टनच्या त्या रात्रीच्याच वर्षी, मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, 'ग्रीन' नावाच्या मोकळ्या मैदानावर एक नाटकगृह उभं राहिलं. आजचं हॉर्निमन सर्कल आहे तो परिसर. कंपनीचे मुलकी आणि लष्करी साहेब तिथे हौसेने नाटकं करायचे. हौशी संस्थांचं जे होतं ते झालं: कर्ज. १८३५ साली इमारत विकावी लागली, ती जमशेटजी जिजीभाईंनी घेतली. देणी भागवून जे पैसे उरले ते नव्या नाटकगृहाच्या कामी आले, जागा नाना शंकरशेटांनी दिली, आणि १८४६ साली ग्रँट रोडचं थिएटर उघडलं. कोटापासून लांब, त्यामुळे साहेब लोक फारसे फिरकेनात. १८५३ साली तिथे भाव्यांची मंडळी उभी राहिली आणि त्याच वर्षी पारशांचं नाटकही. तेव्हा गोऱ्यांच्या हौसेतून आपल्याला नाटक नाही मिळालं, चौकट मिळाली: पुढे कमान, वरून सुटणारा पडदा, दारावर तिकीट. विंग, ड्रॉप, सीन, प्रॉम्प्टर हे शब्द आपल्या नाटकवाल्यांच्या तोंडी त्याच चौकटीबरोबर बसले.

आणि एक बाई

कलकत्त्याची गोष्ट राहिली, ती सगळ्यात चांगली आहे. एस्थर लीच १८०९ साली मेरठच्या छावणीत जन्मली. बाप साधा शिपाई, नवराही शिपाईगडीच. बंगालमधल्या बहरमपूरच्या छावणीत शिपायांची नाटकं व्हायची त्यात ती लहानपणी काम करू लागली. इंग्लंड न पाहिलेली ही छावणीची पोर १८२६ साली कलकत्त्याच्या चौरंगी थिएटरमध्ये गेली आणि तिथली पहिल्या नंबरची नटी झाली. १८३९ साली ते थिएटर जळालं तेव्हा तिने स्वतःचं काढलं, 'सां सूसी' नावाचं. २ नोव्हेंबर १८४३ च्या रात्री ती विंगेत आपल्या प्रवेशाची वाट पाहत उभी होती. तेव्हा दिवे तेलाचे, उघड्या ज्योतीचे. घागऱ्याच्या घेराला ज्योत लागली. काही दिवसांनी ती गेली. तिचं पार्क स्ट्रीटवरचं थिएटर पुढे जेझुइट पाद्र्यांनी घेतलं. आज त्या जागी सेंट झेविअर्स कॉलेज आहे.

तिची मुलगी, मिसेस अँडरसन, हीही नटी झाली. ऑगस्ट १८४८ मध्ये कलकत्त्यात 'ऑथेल्लो' लागलं. डेस्डिमोना मिसेस अँडरसन आणि ऑथेल्लो बैष्णव चरण आढ्य हा बंगाली तरुण. गोऱ्या नटसंचात, इंग्रजी नाटकात, मुख्य भूमिकेत देशी माणूस! गावभर चर्चा. किरकोळ कामांसाठी नेहमीप्रमाणे दमदमच्या छावणीतले गोरे शिपाई घेतले होते. ऑथेल्लो हा काळा सेनापती, आणि हे त्याच्या हाताखालचे सैनिक. प्रयोगाची तारीख होती १० ऑगस्ट. लोक जमले, आणि ऐन वेळी दमदमच्या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या माणसांना परवानगी नाकारली. त्या रात्री पडदा उघडला नाही.

तो उघडला १७ तारखेला, एका आठवड्याने.